बोलेट अळंबी ओळखायची कशी, आणि तिला पहिलं नाव देणाऱ्यापर्यंत पोहोचायचं कसं

आमच्याकडे कोकणात अळंबी म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी. वर छत्री, खाली पातळ पडदे, आणि सार करायला पुरेशा मिळाल्या की घरात आनंद. त्यामुळे जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गजवळच्या जंगलात मी पहिल्यांदा एक जाडजूड तपकिरी अळंबी उलटी केली आणि खाली पडदेच सापडले नाहीत, तेव्हा बराच वेळ नुसता बघत राहिलो. पडद्यांच्या जागी बारीक भोकांचा पिवळट स्पंज होता. ती बोलेट.

बोलेटला मराठीत रुळलेलं नाव नाही. त्याला कारण आहे. बहुतेक बोलेट ठरावीक झाडांच्या मुळांशी जोडलेल्या असतात: ओक, बीच, बर्च, पाइन, स्प्रूस, आपल्याकडे साल. सह्याद्रीच्या महाराष्ट्रातल्या भागात अशी झाडं फारशी नाहीत. पण मराठी माणसं आता जर्मनीत, स्वीडनमध्ये, अमेरिकेत राहतात, दार्जिलिंग-सिक्कीमला फिरायला जातात, आणि तिथे बोलेट पायाखाली येते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. हातात आलेल्या बोलेटची नीट नोंद कशी करायची, नाव कसं ठरवायचं आणि त्या नावामागचा माणूस कसा शोधायचा, ते सगळं क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच. हा लेख वाचून किंवा मोबाइलमधल्या अ‍ॅपने नाव सांगितलं म्हणून कुठलीही जंगली अळंबी खाऊ नका. जर्मनीत अळंबी तपासून देणारे प्रशिक्षित तज्ज्ञ असतात. १९२१ पासून चालत आलेली जर्मन कवकशास्त्र संस्था त्यांना प्रमाणपत्र देते, आणि त्यांच्यातले बरेचजण मोबदला न घेता टोपली बघून देतात. खायचं की नाही हे त्यांच्यापुढे अख्खी अळंबी ठेवून ठरवायचं. निरीक्षणाला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

निघण्यापूर्वी

वेताची टोपली, छोटा चाकू, मऊ ब्रश, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, वही, पेन्सिल आणि कागदी पिशव्या. पेन्सिल अशासाठी की ओल्या जंगलात पेनची शाई पसरते. प्लॅस्टिकची पिशवी नको. पहिल्या वर्षी मी सात-आठ नमुने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून आणले होते. दोन तासांत त्यांचा गिळगिळीत लगदा झाला आणि कुठली टोपी कुठल्या दांड्याची हेही कळेना. तेव्हापासून एक नमुना, एक कागदी पिशवी.

मध्य युरोपात उन्हाळ्याच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, चांगला पाऊस होऊन काही दिवस गेले की बोलेट वर येतात. जर्मनीत स्वतःपुरत्या थोड्या अळंब्या गोळा करायला कायद्याने मुभा आहे. साधारणपणे माणशी दिवसाला एक-दोन किलो धरतात. संरक्षित क्षेत्रात मात्र हात लावायचा नाही. अभ्यासासाठी तर एका जातीचे दोन-तीन नमुने पुरतात: एक कोवळा, एक पूर्ण उमललेला, जमल्यास एक जून.

आधी झाड बघा

बोलेट दिसली की खाली वाकण्याआधी मान वर करा. डोक्यावर कुठलं झाड आहे? दहा पावलांच्या आत आणखी कुठली? हे आधी लिहा, कारण बोलेटच्या ओळखीतला निम्मा भाग इथेच उरकतो. जमिनीतले बुरशीचे तंतू झाडाच्या मुळांच्या टोकांना पायमोज्यासारखे वेढून असतात. बुरशी झाडाला पाणी आणि फॉस्फरससारखी खनिजं आणून देते, झाड तिला साखर देतं. या भागीदारीला आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ‘मायकोरायझा’ हे नाव दिलं.

काही बोलेटची जोडी ठरलेली असते. पिवळीधमक, चिकट टोपीची सुइलस ग्रेविलेई लार्चखालीच मिळते. दांड्यावर काळपट खरखरीत ठिपके असलेली लेक्सिनम स्कॅब्रम बर्चखाली. बोलेटस एड्युलिस, म्हणजे जर्मनांची ‘स्टाइनपिल्झ’, इटालियनांची ‘पोर्चिनी’, ती मात्र स्प्रूस, पाइन, बीच, ओक अशा बऱ्याच झाडांशी जमवून घेते. झाड ओळखता आलं नाही तर एक पान किंवा सुईचा झुबका पिशवीत टाका.

मग फोटो, मग उपटणं

जागेवरच फोटो घ्या: वरून, बाजूने आणि खालून, शेजारी मोजपट्टी ठेवून. सावलीतल्या सारख्या उजेडात रंग खरे येतात. मग अळंबी बुडाशी धरून हलकेच पिरगाळत पूर्ण बाहेर काढा. दांडा वरच्या वर कापू नका. बुडाचा रंग, फुगवटा, मातीतली मुळासारखी शेपटी हे सगळं ओळखीला लागतं. अमानिटा नावाच्या विषारी अळंब्यांच्या बुडाभोवतीची पिशवी तर मातीतच दडलेली असते, आणि बूड पाहण्याची सवय लागली की ती नजरेतून सुटण्याची शक्यता कमी होते. खड्डा पाचोळ्याने झाकून टाका.

उलटी करा

खालच्या बाजूला स्पंज असेल तर ती बोलेट असण्याची दाट शक्यता. झाडाच्या खोडावर फळीसारख्या वाढणाऱ्या अळंब्यांनाही खाली छिद्रं असतात, पण त्या कडक असतात आणि त्यांच्या छिद्रांमागच्या नळ्या टोपीपासून सुट्या होत नाहीत. बोलेट मऊ, आणि अंगठ्याने ढकललं तर नळ्यांचा थर टोपीपासून सहसा सहज सुटून येतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनेयसने १७५३ मध्ये ‘बोलेटस’ या एकाच नावाखाली ही दोन्ही मंडळी घातली होती. छिद्रं दिसली की बोलेटस, इतकं ते सरळ होतं. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत त्या एका गाठोड्याची पुष्कळ गाठोडी झाली.

छिद्रांचा रंग लिहा. कोवळ्या एड्युलिसची छिद्रं पांढरी असतात, नंतर पिवळी, शेवटी हिरवट. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, पण कडू असलेल्या टायलोपिलस फेलियसची कोवळेपणी पांढरी, पण पुढे गुलाबी होतात. लाल छिद्रं दिसली तर ती अळंबी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि चाखण्याचा विचारही करू नका.

आता अंगठ्याने छिद्रांवर एकदा दाबा आणि काही बदल होतो का ते बघा.

दांडा

भिंग काढण्याची जागा ही. दांड्यावर जाळी आहे, ठिपके आहेत, खरखरीत खवले आहेत, की वलय? एड्युलिसच्या दांड्याच्या वरच्या भागावर फिकट तपकिरी रंगावर पांढरी, नाजूक जाळी असते. फेलियसची जाळी ठसठशीत आणि दांड्यापेक्षा गडद. एवढा एक फरक माहीत असता तर आमच्या घरचं एक जेवण वाया गेलं नसतं. तज्ज्ञाला दाखवून आणलेल्या अळंब्यांत मी घरी येताना वाटेत सापडलेली आणखी एक ‘तसलीच’ टाकली. एवढ्या एका फेलियसने पातेलंभर भाजी कडूजहर झाली. ती विषारी नव्हती हे आमचं नशीब. टोपली तपासून झाल्यावर तिच्यात नवं काही टाकायचं नाही, हा नियम मी त्या दिवशी शिकलो.

उभी कापा, आणि घड्याळ बघा

टोपीपासून बुडापर्यंत मधोमध उभा काप घ्या, आणि काप घेतल्या क्षणापासून सेकंद मोजा. काही बोलेटचा गर जसाच्या तसा पांढरा राहतो. काहींचा दहा-पंधरा सेकंदांत फिकट निळा होतो. काही मात्र चाकू फिरतो तशा निळ्या होत जातात. निओबोलेटस गटातल्या एका बोलेटच्या पिवळ्या गरावर शाई सांडावी तसा गडद निळा रंग चाकूच्या मागे धावताना मी पाहिला आहे. अर्ध्या तासाने तोच काप मळकट करडा दिसत होता. म्हणून वहीत नुसतं ‘निळी होते’ असं लिहू नका. किती वेळात, कुठे (नळ्यांच्या वर, दांड्याच्या बुडाशी, की सगळीकडे) आणि पुढे कुठला रंग होतो, तेही लिहा.

यामागचं रसायन सोपं आहे. गरात व्हेरिगॅटिक आम्ल, झेरोकोमिक आम्ल अशी पिवळी-लालसर द्रव्यं असतात. पेशी फुटल्या की हवेतला प्राणवायू आणि अळंबीतलीच विकरं (एन्झाइम) मिळून त्यांचं ऑक्सिडीकरण करतात आणि निळा रंग उमटतो. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं, त्यातलाच हा प्रकार.

विषाचा आणि निळेपणाचा संबंध जोडू नका. भडक निळ्या होणाऱ्या काही जाती युरोपात नीट शिजवून खातात, आणि जिवावर उठणाऱ्या अमानिटा निळ्या होत नाहीत. विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण काळी पडते, किड्यांनी खाल्लं म्हणजे माणसालाही चालतं, या सगळ्या समजुतींनी माणसं मेली आहेत.

हा उभा काप महत्त्वाचा आहे हे ओळखून तो छापणारा माणूस म्हणजे पिएर बुलियार. फ्रान्समधल्या औबपिएर गावचा, जन्म १७५२. तो वनस्पतींचा अभ्यासक होता, आणि चित्रकार व तांब्याच्या पत्र्यावर कोरणाराही होता. फ्रान्सच्या वनस्पतींवरच्या त्याच्या ग्रंथमालेत सहाशेच्या वर रंगीत पाट्या, म्हणजे पानभर छापलेली चित्रं, आहेत. हाताने रंग भरण्याऐवजी त्याने रंग थेट छापण्याची पद्धत वापरली. त्याच्या बोलेट पाहिल्या की लक्षात येतं, अख्ख्या अळंबीशेजारी चिरलेली अळंबीही आहे. नळ्या किती लांब, दांड्याशी कशा जुळतात, गराचा रंग काय, सगळं दिसतं. बोलेटस एड्युलिस हे नाव त्याने १७८२ मध्ये दिलं. एड्युलिस म्हणजे खाण्याजोगी. कडू फेलियसलाही नाव त्याचंच, १७८८ सालचं, आणि फेल म्हणजे पित्त. १७९३ मध्ये पॅरिसमध्ये तो वारला तेव्हा जेमतेम चाळिशी ओलांडली होती.

लाल छिद्रांबद्दल मी वर इतकं बजावलं, ते का ते हाराल्ड ओटमार लेन्झवरून कळेल. जर्मनीच्या थुरिंगियातल्या श्नेपफेनथालचा हा निसर्ग-अभ्यासक. खडूसारखी पांढरट टोपी आणि रक्तासारखी लाल छिद्रं असलेल्या एका बोलेटने आजारी पडलेल्या माणसांची माहिती त्याच्याकडे होती, आणि तिचं वर्णन लिहीत असताना तिच्या उग्र दर्पाने त्यालाही मळमळलं. १८३१ मध्ये त्याने तिला नाव दिलं बोलेटस सटानास, सैतानाची बोलेट. तिने जोराच्या उलट्या-जुलाब होतात.

बीजाणूंचा ठसा

घरी आल्यावर टोपी दांड्यापासून वेगळी करा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्या, त्यावर छिद्रं खाली करून टोपी ठेवा आणि वर वाडगं पालथं घाला. टोपी सुकलेली वाटली तर वरून पाण्याचा एक थेंब. सकाळी कागदावर बीजाणूंच्या, म्हणजे अळंबीच्या सूक्ष्म बियांच्या, पावडरीचा ठसा मिळतो. बोलेटसचा हिरवट तपकिरी, टायलोपिलसचा गुलाबीसर, गायरोपोरस या आणखी एका बोलेट गटाचा फिकट पिवळा. पिवळ्या दिव्याखाली रंग ठरवू नका, खिडकीशी न्या. ठशाचा कागद घडी करून जपून ठेवा, वर्षानुवर्षं टिकतो.

वाळवणं आणि चिठ्ठी

अर्ध्या सेंटिमीटरच्या उभ्या चकत्या करून साधारण ४० अंशांवर, मोडताना कट्ट आवाज येईपर्यंत वाळवा. जास्त उष्णतेत त्या शिजतात. मग काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे आतल्या अळ्या मरतात, आणि शेवटी झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह बंद करा. चिठ्ठीवर तारीख, जागा, झाड, माती, ताजेपणीचे रंग, निळं पडायला लागलेला वेळ आणि स्वतःचं नाव. वाळलेली बोलेट तपकिरी लाकडाच्या सालपटासारखी दिसते, तिच्याकडे बघून कुणाला काही सांगता येत नाही. चिठ्ठी नसेल तर नमुना वाया गेला.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या हिमालयातलं आहे. १८४८ ते १८५० या काळात जोसेफ डाल्टन हूकर हा इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ दार्जिलिंगहून सिक्कीमच्या डोंगरांत फिरत होता. जळवा, पाऊस, लाचेन आणि लाचुंगच्या खोऱ्यांतल्या वाटा, वर १८४९ च्या अखेरीस सिक्कीम दरबाराने दार्जिलिंगचा ब्रिटिश अधिकारी डॉ. कॅम्पबेल याच्यासह त्याला अटकेत ठेवलं ते वेगळंच. तिथे गोळा केलेल्या अळंब्या इंग्लंडमध्ये पोहोचल्या मायल्स जोसेफ बर्कलीकडे. बर्कली हा नॉर्दम्प्टनशरमधला पाद्री. बटाट्यावरचा करपा बुरशीमुळे येतो हे १८४६ मध्ये ठामपणे मांडणारा आणि डार्विनने ‘बीगल’ जहाजावरून आणलेल्या बुरश्यांचं वर्णन करणाराही हाच. त्याने सिक्कीम पाहिलं नव्हतं. वाळकं सालपट आणि रानात बसून केलेली टिपणं यांवरच अशा दूरदेशच्या अळंब्यांचं वर्णन होत असे. १८५१ मध्ये त्याने बोलेटस एमोडेन्सिस प्रसिद्ध केली. एमोडस हे हिमालयाचं ग्रीक-लॅटिन काळापासूनचं नाव. तिची टोपी लालसर, खवल्याखवल्यांची, नळ्या पिवळ्या, आणि दुखावली की निळी पडणारी. दार्जिलिंगच्या बाजूला अशी बोलेट भेटली तर आधी बर्कलीच आठवावा.

नाव वाचायचं कसं

आता तुमच्याकडे वर्णन आहे, ठसा आहे, नमुना आहे. प्रदेशाचं चांगलं ओळखपुस्तक आणि तज्ज्ञ यांच्या मदतीने नाव ठरलं की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. मला खरी गोडी इथून पुढे लागते.

शास्त्रीय नावाच्या शेवटी काही तुटक अक्षरं असतात. ‘बोलेटस एड्युलिस बुल.’ यातला बुल. म्हणजे बुलियार. ‘एल.’ म्हणजे लिनेयस, ‘पर्स.’ म्हणजे पर्सून, ‘एफआर.’ म्हणजे फ्रीस, ‘बर्क.’ म्हणजे बर्कली, ‘शेफ.’ म्हणजे शेफर. कंसातलं नाव पहिल्यांदा वर्णन करणाऱ्याचं, कंसाबाहेरचं ती जात दुसऱ्या प्रजातीसमूहात (नावाचा पहिला शब्द दाखवतो तो गट) नेणाऱ्याचं. ‘टायलोपिलस फेलियस (बुल.) पी. कार्स्ट.’ याचा अर्थ असा: बुलियारने ती बोलेटस म्हणून वर्णिली, आणि फिनलंडच्या पेटर कार्स्टेनने १८८१ मध्ये तिला टायलोपिलसमध्ये हलवलं. एवढ्याशा नावात जवळपास शंभर वर्षांचा व्यवहार.

‘इंडेक्स फंगोरम’ किंवा ‘मायकोबँक’ या संकेतस्थळांवर नाव टाकलं की मूळ ग्रंथ, साल आणि पान मिळतं. ते पान ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’त शोधायचं, जुने ग्रंथ तिथे स्कॅन करून फुकट ठेवलेले आहेत. लॅटिनची भीती बाळगू नका. पन्नासेक शब्दांत बोलेटचं वर्णन उलगडतं: पिलेउस म्हणजे टोपी, स्टिपेस म्हणजे दांडा, पोरी म्हणजे छिद्रं, कारो म्हणजे गर.

जुन्या नावांत एक अडचण येते ती सालाची. बोलेटसारख्या अळंब्यांची नावं बराच काळ एलियास माग्नुस फ्रीस या स्वीडिश अभ्यासकाच्या १८२१ च्या ग्रंथापासून मोजत, त्याआधीचं काही धरत नसत. १९८१ च्या सिडनीतल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतीशास्त्र परिषदेत हे बदललं आणि सुरुवात १७५३ वर, लिनेयसवर नेली. म्हणून काही पुस्तकांत बुलियारच्या नावापुढे फ्रीसही लागलेला दिसतो. फ्रीस हा फेमशो गावच्या पाद्र्याचा मुलगा. मोठमोठे गट त्याने बीजाणूंच्या रंगावर पाडले, आणि म्हणूनच तुमच्या घरातल्या वाडग्याखालच्या त्या ठशाला इतकी किंमत आहे.

ही सगळी माणसं पाद्री आणि प्राध्यापक होती असंही नाही. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोत चार्ल्स फ्रॉस्ट जोडे शिवायचा. शिकला स्वतःच्या बळावर, लॅटिनसुद्धा. १८७४ मध्ये त्याने न्यू इंग्लंडच्या बोलेटची यादी काढली, नव्या जातींसह. लालभडक, दांड्यावर खोल जाळी असलेली एक देखणी बोलेट त्याच्या नावाने ‘फ्रॉस्टी’ म्हणून ओळखली जाते. न्यू जर्सी-न्यू इंग्लंडकडे राहणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये ओकखाली बघावं.

नावं देणं संपलेलंही नाही. २०१४ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या दोन संशोधकांनी लंडनच्या दुकानातलं वाळलेल्या पोर्चिनीचं एक पाकीट फोडलं, त्यातल्या १५ तुकड्यांचा डीएनए तपासला, आणि त्यात चीनमधल्या तीन जाती निघाल्या ज्यांना शास्त्रीय नावच नव्हतं. लोक कित्येक वर्षं त्या सूपमध्ये घालून खात होते. २०१८ मध्ये झारखंडच्या सालवनातून ‘इंडोपोरस’ हा नवा बोलेटवर्गीय प्रजातीसमूह वर्णिला गेला. पूर्व भारतातल्या सालाखाली पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी वही जवळ ठेवावी, ती अशासाठी.

एक नाव, अखेरपर्यंत

हा सगळा क्रम मी गेल्या जूनमध्ये एका बोलेटवर पुरा केला. रेगेन्सबुर्गच्या बाहेर, जुन्या ओकखाली, उन्हात. टोपी कोरडी, फिकट तपकिरी, मखमली, मधोमध भेगाळलेली. छिद्रं पांढरी. उभा कापला, पाच मिनिटं वाट पाहिली, गर पांढराच. जाळी दांड्याच्या अगदी बुडापर्यंत उतरलेली. ठसा हिरवट तपकिरी. तज्ज्ञ बाईंनी तिला बोटांत फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, ‘उन्हाळी स्टाइनपिल्झ’. शास्त्रीय नाव बोलेटस रेटिक्युलाटस शेफ., १७७४. रेटिक्युलाटस म्हणजे जाळीदार.

हा शेफर कोण ते शोधलं. याकोब क्रिस्तियान शेफर, जन्म १७१८, धर्मोपदेशक. चिंध्यांशिवाय कागद करता येतो का म्हणून गांधीलमाशीचं पोळं, पेंढा, पाइनची फळं, जे मिळेल ते कुटून बघणारा. कपडे धुण्याचं यंत्र बांधणारा. १७६२ ते १७७४ या काळात त्याने चार भागांत हाताने रंगवलेल्या ३३० पाट्यांचा अळंब्यांचा ग्रंथ काढला. त्याचं लांबलचक लॅटिन नाव मी बोट ठेवून वाचत गेलो आणि मध्येच थांबलो: ‘चिरका राटिस्बोनाम’. राटिस्बोना हे रेगेन्सबुर्गचं जुनं नाव. रेगेन्सबुर्गच्या आसपास उगवणाऱ्या अळंब्या. तो याच गावात राहायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच ओकखाली परत गेलो. आदल्या दिवशीच्या खड्ड्यावरचा पाचोळा तसाच होता, आणि वीतभर अंतरावर आणखी एक टोपी वर येत होती. तिचा फक्त फोटो घेतला.